कुणाच्या ओळखीनं?

१८७५ साली दापोलीजवळच्या मुरूड गावातून काही पोरं साताऱ्याला चालत निघाली. सरकारी खात्यात कारकून किंवा शाळेत मास्तर व्हायचं तर मराठी सहावीची परीक्षा पास व्हावी लागे, आणि तिचं केंद्र जवळपास कुठं नव्हतं. पाऊसपाण्यामुळे बोटीनं मुंबई गाठता येईना, तेव्हा घाट चढून साताऱ्याला जायचं ठरलं. अंतर सुमारे ११० मैल, म्हणजे पावणेदोनशे किलोमीटर.

त्या पोरांत सतरा वर्षांचा, किरकोळ अंगाचा एक मुलगा होता. साताऱ्याला परीक्षा समितीच्या अध्यक्षांनी त्याला वय विचारलं. त्यानं सतरा सांगितलं. अट सतराचीच होती. साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, हा काही सतराचा दिसत नाही म्हणाले आणि त्याला परीक्षेला बसू दिलं नाही. पोरगा आला तसा परत.

हा मुलगा म्हणजे धोंडो केशव कर्वे. पुढे महर्षी झाले, भारतरत्न झाले, हा प्रसंग त्यांनी आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवला आणि शाळेच्या पुस्तकांतून तो आपल्याला चिकाटीची गोष्ट म्हणून शिकवला गेला. मला मात्र ती नोकरी शोधण्याची गोष्ट वाटते. कोकणातल्या एका मुलाला नोकरी हवी आहे. ती गावात नाही. जिथं आहे तिथं तो कसाबसा पोचतो. आणि तिथला माणूस त्याला ओळखत नाही, म्हणून त्याच्या शब्दावर विश्वास ठेवत नाही.

आज रत्नागिरीच्या एखाद्या वाडीतून फोनवर अर्ज भरायला पाच मिनिटं पुरतात. ११० मैलांचा प्रश्न सुटला. समोरचा माणूस आपल्यावर विश्वास का ठेवेल, आणि आपण त्याच्यावर का ठेवावा, हा दुसरा प्रश्न तसाच आहे. मराठीत 'ओळख' हा शब्द दोन्ही अर्थांनी वापरतात. आपण कोण आहोत ती ओळख, आणि आपण कुणाला माहीत आहोत तीही ओळख. या जिल्ह्याच्या नोकरी शोधण्याचा दीडशे वर्षांचा इतिहास या दोन ओळखींच्या ओढाताणीचा आहे.

घर सोडण्याचं कारण

रत्नागिरी जिल्हा हे नाव घेताना एक लक्षात ठेवायचं. १ मे १९८१ पर्यंत सिंधुदुर्ग वेगळा नव्हता. बाणकोटच्या खाडीपासून पार गोव्याच्या हद्दीपर्यंत सगळी रत्नागिरीच. पाऊस भरपूर, पण भाताची जमीन थोडी. बाकी कातळाचे सडे आणि वरकस जमीन, जिच्यावर नाचणी-वरी निघाली तर निघाली. त्यात खोती. कुळाच्या घरात पीक येईपर्यंत त्याचा वाटा ठरलेला असायचा. भावाभावांत वाटण्या होत होत एकेकाकडे चार कुणगे उरायचे. शेती घर पोसत नव्हती, म्हणून घरातला एकजण बाहेर पाठवायचा ही सोय आधी झाली आणि मग तीच रीत झाली.

गिरण्यांच्या आधी बाहेर म्हणजे पलटण. कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत रत्नागिरीचे मराठे आणि महार मोठ्या संख्येनं होते. दापोलीच्या कॅम्पात पेन्शनर शिपायांची वस्ती वाढली. मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याच्या सकपाळ घराण्यातले रामजी सुभेदार निवृत्तीनंतर काही काळ याच दापोलीत राहिले. त्यांचा धाकटा मुलगा भीमराव तेव्हा लहान होता. पलटणीची नोकरी म्हणजे पगार, पेन्शन आणि मुख्य म्हणजे शाळा. मग १८९२ च्या सुमारास सरकारनं महारांची भरती थांबवली. दापोलीतच राहणारे निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी त्याविरुद्ध सरकारकडे करायचा विनंतीअर्ज तयार केला. एका जातीचा नोकरीचा एकमेव दरवाजा बंद झाला म्हणून केलेला हा अर्ज. आपल्याकडच्या रोजगाराच्या इतिहासात तो पहिल्या पानावर असायला हवा, आणि तो फारसा कुणाला माहीत नाही.

खोली, खानावळ आणि जॉबर

१८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत पहिली कापड गिरणी काढायचं ठरवलं आणि दोन वर्षांत ती चालू झाली. पुढच्या पन्नास वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी या भागाचं गिरणगाव झालं. १९२१ च्या जनगणनेत मुंबईतला साधारण दर पाचवा माणूस रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेला होता. दुसऱ्या कुठल्याही एका जिल्ह्यानं मुंबईला एवढी माणसं दिली नाहीत.

एवढी माणसं नोकरीला लागली कशी? जाहिरात नाही, अर्ज नाही, बहुतेकांना लिहिता-वाचता येत नाही. तरी यामागे एक पक्की योजना होती. फक्त ती एकट्या माणसाची नव्हती, सगळ्या गावाची होती.

गावचा कुणीतरी आधी जाऊन राहिलेला असायचा. त्याचं पत्र यायचं, किंवा गणपतीला, शिमग्याला तो स्वतः यायचा. परत जाताना सोबत एखाद-दुसरा पोरगा घेऊन जायचा. मुंबईत उतरल्यावर जायचं कुठं हे ठरलेलं असे: गावकीची खोली. दहा बाय बाराच्या खोलीत वीस-तीस माणसं. पाळ्या वेगवेगळ्या, त्यामुळे एक कामावर गेला की त्याच्या जागेवर दुसरा झोपायचा. प्रत्येकाची ट्रंक आणि वळकटी, भाडं वाटून. जेवण खानावळीत, जी बहुधा गावाकडचीच एखादी बाई चालवायची, आणि पैसे पगार झाल्यावर. नव्या पोराला काम लागेपर्यंत खोली सांभाळून घ्यायची. आजच्या भाषेत सांगायचं तर नोकरी शोधण्याच्या काळातला खर्च कोण उचलणार, या प्रश्नाचं उत्तर गावानं आधीच काढून ठेवलं होतं.

नोकरी प्रत्यक्ष देणारा माणूस होता जॉबर. तो गिरणीच्या एका खात्यातला मुकादम. माणसं घ्यायची, काढायची, कामाला लावायची, गैरहजर माणसाच्या जागी बदली उभा करायचा, हे सगळं त्याच्या हातात. बायकांच्या खात्यावर हेच काम नायकीण करायची. गिरणीचा मॅनेजर पारशी किंवा इंग्रज, त्याला ना कामगारांची भाषा यायची ना त्यांची नावं माहीत. त्यामुळे भरती जॉबरवर सोपवणं त्याला सोयीचं. जॉबर आपल्या गावची, नात्यातली, जातीतली माणसं लावायचा. त्याबद्दल दस्तुरी घ्यायचा. कधी तोच व्याजानं पैसे द्यायचा, तोच खोली भाड्यानं द्यायचा. कामगार सगळीकडून त्याच्या मुठीत.

१९२९ ते १९३१ या काळात भारतातल्या कामगारांची स्थिती तपासायला रॉयल कमिशन नेमलं गेलं होतं. व्हिटले कमिशन या नावानं ते ओळखलं जातं. त्यानं जॉबरच्या पद्धतीवर कोरडे ओढले आणि भरती त्याच्या हातून काढून घ्या अशी शिफारस केली. लाचखोरीचं वर्णन खरंच होतं. पण इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी पुढे दाखवलं की जॉबर वाटतो तितका सर्वशक्तिमान नव्हता. माणसं वेळेवर पुरवली नाहीत तर मालक त्याला काढायचा, आणि कामगारांची बाजू सोडली तर माणसं त्याला सोडायची. संप झाला की जॉबरची दोन्हीकडून ओढाताण व्हायची.

मला यातली एक बारीक गोष्ट महत्त्वाची वाटते. जॉबर दस्तुरी खायचा, पण पळून जाऊ शकत नव्हता. पुढच्या शिमग्याला त्यालाही त्याच गावात पालखीला खांदा द्यायचा असायचा. पोराकडून पैसे घेतले आणि काम लावलं नाही, तर त्याची आई भर देवळासमोर विचारणार. शिवाय ज्याच्या हातात दमडी नाही तो दस्तुरी आधी देणार कुठून? ती पुढच्या पगारातून जायची. म्हणजे आधी नोकरी, मग लुबाडणूक. हा क्रम लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणि ज्याला ओळख नाही त्याचं काय? गिरणीत सगळ्यात बरा पगार विणकाम खात्यात, साच्यांवर. तिथं दलित कामगारांना घेत नसत. कारण असं की धोट्यात नवी कांडी घालताना धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे, आणि दलितानं तोंड लावलेला धोटा सवर्ण कामगार हातात धरायला तयार नव्हते. त्यामुळे रत्नागिरीचाच महार तरुण कमी पगाराच्या कताईच्या खात्यात आणि त्याच तालुक्यातला मराठा साच्यावर. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला. कम्युनिस्ट पुढाऱ्यांच्या युनियनलाही तो गिळायला जड गेला. 'आमच्या वेळी माणुसकी होती, गाववाला गाववाल्याला लावून घ्यायचा' असं कुणी सांगितलं की मला हा धोटा आठवतो.

कार्ड आलं, कॉल आला नाही

ओळखीच्या जागी कागद आणायचा पहिला मोठा प्रयत्न १९३५ चा. मुंबईच्या गिरणी मालकांच्या संघटनेनं बदली कामगारांना कार्डं द्यायला सुरुवात केली. रोज सकाळी कार्डवाल्यांनी गेटवर हजर राहायचं आणि रिकाम्या जागा त्यांच्यातूनच भरायच्या. जॉबरची मनमानी थोडी कमी झाली. पण कार्ड कुणाला मिळणार हे ठरताना जॉबरचा शब्द चालायचाच.

दुसरा प्रयत्न सरकारी. दुसरं महायुद्ध संपताना लाखो सैनिक घरी परतणार होते. त्यांना काम मिळावं म्हणून १९४५ साली एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज सुरू झाली आणि १९४८ मध्ये ती सगळ्यांना खुली झाली. १९५९ च्या कायद्यानं सरकारी आस्थापनांना आणि पंचवीस किंवा जास्त माणसं असलेल्या खाजगी आस्थापनांना आपल्या रिकाम्या जागा एक्स्चेंजला कळवणं सक्तीचं झालं. कळवणं सक्तीचं, घेणं नव्हे. अख्खी योजना या एका फटीतून गळाली.

तरी कार्ड काढणं हा दोन-तीन पिढ्यांचा संस्कार होता. दहावीचा निकाल लागला की मार्कशीट घेऊन जिल्ह्याच्या गावाला जायचं, रांग लावायची, नाव नोंदवायचं, नूतनीकरणाची तारीख चुकवायची नाही. चुकली की ज्येष्ठता गेली. राजापूर किंवा मंडणगडहून रत्नागिरीला येणं म्हणजे एसटीचा अख्खा दिवस. मग 'कॉल'ची वाट बघायची. कित्येकांचा कॉल आला तेव्हा वयोमर्यादा उलटून गेली होती. १९९६ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं की फक्त एक्स्चेंजनं पाठवलेल्या नावांतून भरती करणं पुरेसं नाही, वर्तमानपत्रांतून जाहिरात देऊन बाकीच्यांनाही संधी द्यायला हवी. म्हणजे कार्डाची मक्तेदारी कायद्यानंही संपली.

तोवर मुंबईतला जुना दरवाजाही बंद झाला होता. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. कोकणातले हजारो कामगार गावी परतले, काही कायमचे. त्यांच्याबरोबर ओळखीचं ते सगळं जाळं विरत गेलं. गावकीची खोली होती, पण तिथून लावून द्यायला गिरणी नव्हती. १९८५-९० च्या सुमारास कोकणातून मुंबईला गेलेला मुलगा खोलीत उतरला तरी नोकरी त्याला स्वतःच शोधावी लागली. सिक्युरिटी गार्ड, कुरिअर, एखाद्या ऑफिसात शिपाई.

या सगळ्या जाण्याची खूण जनगणनेत अजून दिसते. २०११ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. हा आकडा कौतुकानं सांगितला जातो, मुलींना वाचवणारा जिल्हा म्हणून. खरं म्हणजे पुरुष तिथं नाहीत, एवढाच त्याचा मोठा अर्थ आहे. त्याच दशकात जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे पाच टक्क्यांनी घटली. मागं राहिलेल्या बायकांनी शेती केली, म्हातारी माणसं सांभाळली आणि मनीऑर्डरची वाट पाहिली. त्यांच्या कामाला कुठल्या कार्डावर जागा नव्हती.

शेवटच्या पानावरून स्क्रीनवर

१५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमनं भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. दोन वर्षांच्या आत, १९९७ मध्ये संजीव बिखचंदानी यांनी नोकरी डॉट कॉम काढलं. त्यांनी सांगितलेला एक किस्सा प्रसिद्ध आहे. आधीच्या कंपनीत त्यांचे सहकारी इंग्रजी बिझनेस मासिक मागून उघडायचे, कारण नोकरीच्या जाहिराती मागच्या पानांवर असायच्या. बरी नोकरी असलेली माणसंसुद्धा रोज दुसरी बघत होती. त्यातून कल्पना आली.

ही कल्पना शहरातल्या इंग्रजी वाचणाऱ्यांसाठी होती. रत्नागिरीत ती पोचली सायबर कॅफेतून, तासाचे पैसे मोजून. खऱ्या अर्थानं हातात आली २०१६ नंतर, डेटा स्वस्त झाल्यावर. मग सगळंच फोनवर आलं. सरकारचं नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टल २०१५ पासून आहे. राज्याचं महास्वयं आहे, जुन्या एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचाच तो नवा अवतार. लिंक्डइन आहे, कंपन्यांच्या वेबसाइट आहेत, गावाच्या मुंबई मंडळाचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे.

यात काही गोष्टी निःसंशय सुधारल्या. कुठं जागा निघाली हे कळायला आता जॉबर लागत नाही. ही बातमीच पूर्वी त्याची सत्ता होती. आणि अर्जावर गाव कुठलं, वाडी कुठली हे कुणी विचारत नाही. पण नाव विचारतात. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी २००७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. वर्तमानपत्रांतल्या खाजगी नोकरीच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फरक फक्त नावांचा. सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश निघाली, मुस्लिम नावाला सुमारे एक तृतीयांश. धोटा गेला, आडनाव राहिलं.

दुसरी अडचण फुकटपणाची. अर्ज करायला काही लागत नाही म्हणून सगळेच सगळीकडे अर्ज करतात. एका जागेला हजार अर्ज आले की ते माणूस वाचत नाही, सॉफ्टवेअर चाळतं. साताऱ्याच्या साहेबांनी निदान मान वर करून पाहिलं होतं. सॉफ्टवेअर शब्द शोधतं. जाहिरातीत 'बॉयलर अटेंडंट' आहे आणि तुम्ही 'कंपनीत कामाचा अनुभव' एवढंच लिहिलं, तर तुमचं प्रमाणपत्र खरं असूनही तुम्ही दिसणार नाही. लोटे परशुरामच्या केमिकल कंपन्यांत केमिकल प्लांट ऑपरेटरच्या ट्रेडला मागणी असते. तेव्हा आयटीआयचा ट्रेड जसा प्रमाणपत्रावर छापलाय तसाच्या तसा, पूर्ण नावानिशी लिहायला हवा. हे सांगायला कुणी नसतं म्हणून किती पोरं गळतात कोण जाणे.

आणि तिसरी अडचण सगळ्यात जुनी: समोरचा कोण आहे? रत्नागिरीच्या दोन जुन्या वाटांवर हे फार स्पष्ट दिसतं. एक समुद्राची. इथले कोकणी मुसलमान पिढ्यान्‌पिढ्या बोटींवर खलाशी म्हणून गेले. मुंबईच्या गोदीत सारंग त्यांची भरती करायचा, तो त्यांच्याच गावचा, जॉबरचा समुद्रावरचा भाऊ. आज ती भरती एजन्सीमार्फत होते. एजन्सीला जहाजबांधणी नव्हे, जहाजवाहतूक महासंचालनालयाचा परवाना लागतो, त्याला आरपीएसएल म्हणतात. परवानाधारकांची यादी महासंचालनालयाच्या वेबसाइटवर कुणालाही बघता येते. आणि नियम असा आहे की नोकरी लावून देण्याबद्दल खलाशाकडून एक पैसाही घेता येत नाही. तरी 'सीडीसी आहे ना, इतके लाख भर, पुढच्या महिन्यात जहाज' म्हणणारे मेसेज फिरतात, आणि लोक जमीन गहाण टाकून पैसे भरतात.

दुसरी वाट आखातीची. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यानुसार परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्या एजंटची परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी लागते. ही नावंही ई-मायग्रेट या सरकारी वेबसाइटवर आहेत. नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क घेता येतं, पण त्यालाही मर्यादा आहे: ३०,००० रुपये आणि वर जीएसटी. त्याहून जास्त मागितलं, पावती नाकारली, किंवा टुरिस्ट व्हिसावर जा म्हणाला, की तिथंच थांबायचं. सप्टेंबर २०२२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयानं थायलंडमधल्या आयटी नोकऱ्यांच्या खोट्या जाहिरातींबद्दल इशारा दिला. सोशल मीडियावर जाहिरात, फोनवरच मुलाखत, बँकॉकचं तिकीट, आणि तिथून सीमेपार म्यानमारमध्ये डांबून ऑनलाइन फसवणुकीचं काम. मार्च २०२५ मध्ये तिथून पाचशेहून जास्त भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणावं लागलं.

जॉबरचा क्रम आठवा. आधी नोकरी, मग दस्तुरी. आता उलटं झालं: आधी रजिस्ट्रेशन फी, मग मेडिकल, मग लॅपटॉपचं डिपॉझिट, मग नंबर बंद. घरबसल्या व्हिडिओ लाइक करायच्या कामातही पहिले दीड-दोनशे रुपये खरंच येतात, कारण तेवढ्यानं पुढचे पन्नास हजार सुटतात. अशा माणसाला शिमग्याला कुठंही पालखी नाचवायची नसते. पैसे गेलेच तर १९३० या नंबरवर फोन करायचा, आणि तो त्याच तासात करायचा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत ते अडवता आले तर येतात. लाज वाटून दोन दिवस गप्प बसलेल्यांना तेवढी संधीही राहत नाही.

नव्या ओळखी

मग ओळखीचा उपयोग संपला का? उलट. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बॉस्टनजवळच्या एका गावातल्या नोकरदारांना नोकरी कशी लागली ते विचारलं. पुष्कळांना ती ओळखीतूनच लागली होती, पण जवळच्या माणसाकडून नव्हे. जेमतेम भेटणाऱ्या, जुन्या, लांबच्या ओळखीतून. कारण जवळच्यांना तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत असतं. २०२२ मध्ये लिंक्डइनच्या दोन कोटी वापरकर्त्यांवरच्या अभ्यासातही साधारण हेच निघालं.

गावकीच्या खोलीचं नेमकं हेच दुखणं होतं. खोलीतल्या सगळ्यांना एकच जॉबर, एकच गिरणी, एकच खातं माहीत. म्हणून एक गिरणी बंद पडली की अख्खी वाडी घरी. आजच्या मुलानं काकाला फोन करावाच, पण आयटीआयला दोन वर्षं पुढे असलेल्या आणि आता लोट्याला किंवा जयगडला कामाला असलेल्या मुलालाही करावा. त्याला नोकरी मागायची नाही. तुमच्याकडे माणसं घेतात कधी, कंपनी थेट घेते की कंत्राटदारामार्फत, जाहिरात कुठं लागते, एवढंच विचारायचं. या प्रश्नांना माणसं मनापासून उत्तरं देतात. वशिला लाव म्हटलं की मात्र फोन उचलायचा बंद होतो.

अजून एक दार आहे, ज्याची इकडे कमी चर्चा होते. १९६१ च्या अॅप्रेंटिसशिप कायद्याप्रमाणे तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला कामगारसंख्येच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. ते सरकारी पोर्टलवरून घेतात आणि दरमहा विद्यावेतन देतात. १९५९ च्या कायद्यात जी फट होती ती इथं नाही. इथं फक्त कळवून भागत नाही, घ्यावं लागतं. जिल्ह्यातल्या तीसच्या वरच्या कंपन्यांची यादी करायची, पोर्टलवर एकेकीचं नाव टाकून बघायचं, आणि अर्ज केल्यावर आठवड्यानं गेटवरच्या टाइम ऑफिसला जाऊन विचारायचं. गेटवर जायला अजून तरी अॅप आलेलं नाही.

खोलीनं केलेलं एक काम मात्र कुठलंच पोर्टल करत नाही. काम लागेपर्यंतचं जेवण. आज नोकरी शोधायला चाकण किंवा नवी मुंबईला जाणारा मुलगा पीजीचं डिपॉझिट भरून जातो, आणि घरून दिलेले पैसे दोन-तीन महिन्यांत संपतात. त्या भीतीनं पहिली मिळेल ती कंत्राटी नोकरी धरतो. म्हणून निघायच्या आधी किती महिने तग धरता येईल याचा हिशोब मांडणं बायोडेटापेक्षा आधीचं काम आहे. काही गावांच्या मुंबई मंडळांकडे अजून खोल्या आहेत. बऱ्याच ठिकाणी त्या गणपतीच्या मीटिंगपुरत्या उघडतात.

कर्वे पुढे कोल्हापूरला जाऊन ती परीक्षा पास झाले. तेव्हाही ते मुरूडहून घाट ओलांडूनच गेले असणार. या वेळी वय कुणी विचारलं नाही, की विचारलं आणि सांगितलेलं मानलं, कुणास ठाऊक. पास होऊनही त्यांनी लगेच कारकुनी धरली नाही. इंग्रजी शिकायला लागले आणि शेवटी पोचले मुंबईलाच.